प्राथमिक शिक्षणात कलेचे स्थान
(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आताच ज्या विद्यार्थ्यांना पारितोषिके मिळाली, त्यांचे मी मनःपूर्वक अभिनंदन करतो. मात्र ही सारी पारितोषिके गुणपत्रिकेवरून ठरली आहेत. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या रंधा, करवत आणि पटाशी यांवर आपली उपजीविका केली, त्याच्या यादीत चित्रकलेचे वा हस्तकौशल्याचे एकही पारितोषिक असू नये, ही गोष्ट मला खटकते.

शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेचा तास असतो. परीक्षा जवळ आली की तो गणिताला दिला जातो, आणि आपण पालक त्यात समाधानच मानतो. कला आणि गणित या जणू दोन सवती! आपल्या वाडवडिलांनी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी मुखोद्गत केली ती मात्र सुरावरच. दारातली ठिपक्यांची रांगोळी घ्या. एक, तीन, पाच, सात आणि पुन्हा पाच, तीन, एक अशा ओळी मांडल्या, तर वरच्या चार ओळींत १६ ठिपके येतात, खालच्या तिन्हींत ९, एकूण २५. चाराचा वर्ग, तिनाचा वर्ग आणि पाचाचा वर्ग यांचे नाते येथे मुलाच्या बोटांखाली आले. आणि चौकट काटकोनात बसली की नाही हे पाहण्यासाठी आपला कारागीर एका बाजूस ३ फूट, दुसरीस ४ फूट मोजून कर्ण ५ फूट भरतो का ते पाहतो, तेव्हा तो याच नात्याचा उपयोग करीत असतो. रांगोळी, गुण्या आणि भूमिती ही तीन नावे तीन इयत्तांत विखुरली गेल्यामुळेच मुलाला प्रत्येक वेळी नव्याने आरंभ करावा लागतो.

हा विचार नवा नव्हे. १९३७ साली वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली, आणि डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगाभोवती सर्व विषय गुंफणारी योजना आखली. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे उद्योगाला होती. आणि संगीत, चित्रकला व गणित या तिघांना मिळून एकच ४० मिनिटांचा भाग दिला होता. ही शेजारणी मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे सेवाग्रामला देवीप्रसाद यांच्यासारखा शांतिनिकेतनात घडलेला कलावंत मुलांना शिकवीत होता. तरीही बहुतेक ठिकाणी टकळीचे सूत मोजण्यापलीकडे ही योजना पोहोचली नाही, आणि कालांतराने ती मागे पडली.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो आपल्यासारख्या ज्ञातींनी तर गांभीर्यानेच घेतला पाहिजे. १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी अशी योजना आणली की, मुलांनी अर्धा वेळ शाळेत शिकावे आणि उरलेला वेळ घरच्या धंद्यात घालवावा. कारागिराच्या मुलाने कारागीरच राहावे असा तिचा अर्थ लोकांनी घेतला. प्रखर विरोध झाला, आणि १९५४ मध्ये कामराज यांनी ती रद्द केली. तो विरोध योग्यच होता, असे माझे स्पष्ट मत आहे. सुताराच्या मुलाच्या हाती रंधा आणि वकिलाच्या मुलाच्या हाती पुस्तक, ही वाटणी आपल्याला नको. एकाच वर्गात वकिलाच्या मुलानेही लाकूड मोजावे आणि आपल्या मुलीनेही गीत रचावे, एवढीच आपली मागणी आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला इतर विषयांत मिसळून शिकवण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पण कागदावरचे धोरण रंगाच्या डब्या विकत आणीत नाही.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. विद्यार्थी निधीतील काही भाग गावोगावच्या प्राथमिक शाळांना रंग, कागद, माती आणि मोजपट्ट्या देण्यासाठी राखून ठेवावा. तो ज्ञातीच्या मुलांपुरता नसून अख्ख्या वर्गासाठी असावा. आणि पुढील वर्षी एक पारितोषिक अशा शिक्षकाला द्यावे, ज्याने गणिताचा वा भूगोलाचा एखादा धडा चित्रातून किंवा हातकामातून शिकवला असेल. त्याची निवड मात्र अर्जावरून करू नये; मंडळाच्या दोघा सभासदांनी त्या वर्गात तासभर बसून यावे.