वृक्षमंडूक केव्हा पाहावेत?



वृक्षमंडूक पाहावयास केव्हा निघावे, असे आम्हांस विचारण्यात येते. पहिल्या दमदार पावसापासून श्रावणाअखेरपर्यंत, रात्री, विजेरी घेऊन डबक्यावर झुकलेल्या फांद्या न्याहाळाव्यात. मादी तेथे फेसाचे घरटे करून अंडी घालते. पिले खालच्या पाण्यात पडतात. आंबोलीस हिरवा मलबारी उडता बेडूक याच दिवसांत दिसतो. रायपुरात आपण तपकिरी, ठिपकेदार जातीवर समाधान मानावे.

उन्हाळ्यात मात्र तो आपणच पाहावयास येतो! तात्यापाऱ्यातील न्हाणीघरांत ओलाव्यास चिकटून बसतो. एका वैशाखात आम्ही त्यास केरसुणीने अंगणात लोटले. सायंकाळी तो फरशीवर वाळलेला आढळला. त्या पावसाळ्यात आमच्या हौदाकाठी फेस काही दिसला नाही.