माणूस खाली उतरू नये म्हणून

कवीला माइकसमोर बसवलं की तो पावसाबद्दल बोलेल, नदीबद्दल बोलेल असं धरून चालतात. मीही आज पाण्याबद्दलच बोलणार आहे, पण हे पाणी आपण बघत नाही. संडासाची साखळी ओढली, आता बटण दाबलं म्हणायचं, की ते आपल्या हिशेबातून जातं. पुढं ते कुठं जातं, कोण ढकलतं, हे आमच्या सोसायटीच्या कार्यकारिणीवर आल्यावर मला शिकावं लागलं. मी बी.ए., तेही मराठी घेऊन. तेव्हा जे सांगेन ते इंजिनियरच्या भाषेत नसेल. पण पंप विकत घेणारे बहुतेक लोक माझ्यासारखेच असतात, इंजिनियर नसतात.

मुळात पंप लागतो का? पाण्याला उतार मिळाला तर त्याला ढकलणारा कुणी लागत नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं खडकी गाव वसवलं, म्हणजे पुढचं औरंगाबाद आणि २०२३पासूनचं छत्रपती संभाजीनगर. तिथं त्यानं जमिनीखालून जी नहर आणली ती निव्वळ उताराच्या जिवावर. सांडपाण्याचंही तसंच आहे. घरापासून रस्त्यातल्या गटारलाइनीपर्यंत उतार असेल तर तो सोडून पंपाच्या नादी लागू नका. पण तळघरात संडास-बाथरूम काढली, किंवा इमारत खोलगट जागी आणि रस्ता दरवर्षी डांबराचे थर चढून वर गेलेला, असं असेल तर नाइलाज. मग सगळं पाणी एका खड्ड्यात जमा करायचं आणि तिथून वर चढवायचं. या खड्ड्याला सगळे ‘संप’ म्हणतात. इंग्रजीतून आलेला शब्द, पण मराठीत त्याचा दुसरा अर्थ आपल्याला चांगला ठाऊक आहे, आणि वर्षातून दोनदा तरी पंप त्या अर्थाला जागतो.

पाण्यात बुडून चालणारा, मोटार आणि पंप एकाच बंद कवचात असलेला हा पंप उपशासाठी स्वीडनमध्ये १९४७च्या सुमारास आला आणि पुढच्या दशकात मैलापाण्यासाठी. त्याआधी मोटार वर, पंप खाली आणि मध्ये लांब दांडा, अशी व्यवस्था असे. बुडालेल्या पंपाचा फायदा असा की भोवतीचं पाणीच मोटारीला थंड ठेवतं. तोटाही तोच. पाणी खाली गेलं आणि मोटार उघडी पडून चालत राहिली, की ती तापते.

आता पहिला घोटाळा नावाचा. ‘सबमर्सिबल’ म्हटलं की आपल्याकडे दुकानदार बोअरवेलचा पंप दाखवतो. तो लांब नळीसारखा, आत एकावर एक अरुंद चकत्या. स्वच्छ पाणी दोनशे फुटांवरून आणेल, पण एक चिंधी गेली की संपला. दुसरा प्रकार उपशाचा. पाया खणताना, तळघरात पावसाचं पाणी साचल्यावर लावतात तो. त्याला खाली जाळी असते. मशिदीच्या वजूखान्याचं पाणी, कपडे धुतलेलं पाणी, गाड्या धुतलेलं पाणी यांना तो चालतो. त्यात माती असते, केस असतात, पण मैला नसतो. संडासाच्या पाण्याला मात्र तिसराच पंप लागतो, ज्याला जाळी नसते. ऐकायला उलटं वाटतं. पण जाळी असली की सगळं जाळीवरच अडकतं. त्यापेक्षा जे येईल ते पोटातून पार करून देणारा पंप हवा.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न हॉर्सपॉवरचा विचारू नये. विचारायचं ते हे: यातून केवढा गोळा पार जातो? मैलापाण्याच्या पंपाच्या माहितीपत्रकात हा आकडा मिलिमीटरमध्ये दिलेला असतो, पन्नास, पासष्ट, ऐंशी असा. ज्या पत्रकात तो नाही ते बाजूला ठेवावं. दुसरा प्रश्न आतल्या फिरत्या पात्यांचा, म्हणजे इम्पेलरचा. एका प्रकारात इम्पेलर वर आखडून बसवलेला असतो, तो खाली भोवरा तयार करतो आणि त्या भोवऱ्याबरोबर घाण पुढं जाते, पात्याला फारशी न शिवता. याला वीज थोडी जास्त लागते, पण तो क्वचित तुंबतो. दुसरा कापणारा, ग्राइंडर. तो सगळ्याचा लगदा करून बारीक पाइपातून दूरवर, उंचावर पाठवतो. बंगल्याला, किंवा जिथं मोठा पाइप टाकायला जागाच नाही तिथं तो चांगला. पण त्याच्या सुऱ्या बोथट होतात, बदलाव्या लागतात, आणि बोथट सुरी चिंधी कापत नाही, गुंडाळून घेते. आमच्यासारख्या सोसायटीला भोवऱ्याचा पंप बरा, हे माझं मत.

आता आकारमान. आम्हाला एका पुरवठादारानं पाच हॉर्सपॉवरचं कोटेशन दिलं होतं. “मोठा घ्या, टेन्शन नको,” हा त्यांचा युक्तिवाद. मी कागद घेऊन बसलो. अठ्ठेचाळीस घरं, घरटी चार माणसं धरली तर १९२. माणशी रोज १३५ लिटर पाणी हा आपल्याकडचा सरकारी मापदंड. त्यातलं सुमारे ऐंशी टक्के गटारात येतं. गुणाकार केला की दिवसाला वीस-एकवीस हजार लिटर, म्हणजे मिनिटाला सरासरी चौदा-पंधरा. सकाळच्या गर्दीत तिप्पट धरा, पंचेचाळीस. एवढंच! मिनिटाला पंचेचाळीस लिटरचा पंप पुरेल असं वाटतं, पण इथं पाइप मध्ये पडतो. मैला पाइपात बसू नये म्हणून पाण्याला वेग लागतो, सेकंदाला साधारण पाऊण मीटर. तीन इंची, म्हणजे ऐंशी मिलिमीटरच्या पाइपात हा वेग राखायला मिनिटाला दोनशे चाळीस लिटर तरी जावे लागतात. माणसांपेक्षा पाइपाची भूक मोठी. चढण आमच्याकडे सहा मीटर, पाइपातल्या घर्षणाचे आणि वळणांचे धरून आठ. या कामाला, भोवऱ्याच्या पंपाची कमी कार्यक्षमता धरूनही, एक किलोवॉटच्या आसपास वीज लागते. म्हणजे दोन हॉर्सपॉवर भरपूर झाली.

मोठ्या पंपानं बिघडलं काय असतं, असं कार्यकारिणीतल्या एका काकांनी विचारलं. बिघडतं. मोठा पंप छोटा खड्डा दोन मिनिटांत रिकामा करतो, थांबतो, परत सुरू होतो. मोटारीला चालण्यानं त्रास होत नाही तेवढा सुरू होण्यानं होतो, कारण सुरू होताना ती कितीतरी पट करंट ओढते. अशा पंपाला तासाला दहा-पंधराहून जास्त वेळा सुरू करू नये. तासाला दहा धरले तर मिनिटाला २४० लिटरच्या पंपासाठी सुरू होण्याच्या आणि थांबण्याच्या पातळ्यांमध्ये निदान ३६० लिटर पाणी मावलं पाहिजे. फार मोठा खड्डाही नको. पाणी तासन् तास पडून राहिलं की कुजतं, वायू धरतं. या वायूंकडे मी येणार आहेच.

पंप नेहमी दोन घ्यावेत. पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. आज एक, उद्या दुसरा, अशी पाळी पॅनेलमध्येच लावता येते. दुसरा पंप नुसता ‘राखीव’ म्हणून ठेवला तर गरजेच्या दिवशी तो जाम झालेला निघतो. खड्ड्यात तरंगणारे चार फ्लोट असावेत. सगळ्यात खालचा पंप थांबवणारा, त्यावरचा पहिला पंप सुरू करणारा, त्यावरचा दुसऱ्यालाही हाक मारणारा आणि सगळ्यात वरचा भोंगा वाजवणारा. भोंग्याची वीज पंपाच्या विजेहून वेगळी, बॅटरीवर हवी. फेज गेल्यामुळे पंप बंद पडला आणि त्याच फेजवर भोंगाही गप्प, असल्या व्यवस्थेचा उपयोग काय? सिंगल फेजिंगपासून संरक्षण देणारा प्रिव्हेंटर पॅनेलमध्ये असलाच पाहिजे. आपल्याकडे एक फेज जाणं ही रोजची गोष्ट आहे आणि तीन फेजची मोटार दोन फेजवर जळते.

श्रोतेहो, हे सगळं मी ज्या गोष्टीसाठी सांगतो आहे ती आता. पंप कितीही चांगला घेतला तरी एक दिवस तुंबणार. त्या दिवशी तो वर कसा येणार? पुष्कळ इमारतींत पंप खड्ड्याच्या तळाशी ठेवून पाइपाला नटबोल्टानं जखडलेला असतो. तो सोडवायचा तर माणसालाच खाली उतरावं लागतं. मैल्याच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. कमी असला तर वास येतो; वाढला, हवेच्या दशलक्ष भागांत शंभराच्या आसपास गेला, की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास नाही म्हणून माणूस उतरतो, तिथंच कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. मग तिसरा. वर्तमानपत्रात अशा बातम्या आपण आतल्या पानावर वाचतो आणि त्यात बहुतेकदा एकाहून जास्त नावं असतात, ती याच कारणानं. उतरणारा माणूस कोणत्या वस्तीतून येतो, हे मला इथं वेगळं सांगायला नको.

२०१३च्या कायद्यानं गटारात आणि सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवण्यावर बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा मृत्यूंसाठी सर्वोच्च न्यायालयानं २०१४मध्ये कुटुंबाला दहा लाखांची भरपाई ठरवली, ऑक्टोबर २०२३मध्ये ती तीस लाख केली. कायदा नोकरीला लावणाऱ्याला धरतो. सोसायटीचा सेक्रेटरी “जरा उतरून बघ रे” म्हणतो, तेव्हा लावणारा तोच असतो.

आणि यावरचा इलाज एखाद्या मोटारीच्या किमतीएवढाही महाग नाही. खड्ड्याच्या तळाशी पक्कं बसवलेलं एक वाकडं पाऊल, त्यावरून वरपर्यंत आलेले दोन गाइड पाइप, आणि पंपाला बांधलेली साखळी. पंप या पाइपांवरून घसरत खाली जातो आणि स्वतःच्या वजनानं पावलाच्या तोंडावर बसतो. नट नाही, बोल्ट नाही. बाहेर काढायचा तर वीज बंद करून वरून चेनपुलीनं ओढायचा. याला ऑटो-कपलिंग म्हणतात. व्हॉल्व्ह खड्ड्यात न ठेवता बाजूला उथळ चेंबरमध्ये घ्यायचे, म्हणजे त्यांच्यासाठीही कुणाला उतरायला नको. कोटेशनमध्ये ही ओळ ‘ऐच्छिक’ म्हणून छापलेली असते. खोडायची तर ‘ऐच्छिक’ हा शब्द खोडा. नवीन इमारतीत हे खड्डा कोरडा असतानाच बसवून घ्यावं. जुन्या खड्ड्यात बसवायचं तर आधी तो यंत्रानं पूर्ण उपसून, हवा खेळवून, वायू मोजून, प्रशिक्षित माणसांकडूनच.

देखभालीचं मला शिकवलं ते मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणाऱ्या एका चाचांनी. “सर, आधी तेल बघा,” ते म्हणाले. मोटार आणि इम्पेलर यांच्यामध्ये तेलाचा छोटा कप्पा असतो, त्याच्या वर एक सील, खाली एक. वर्षातून एकदा पंप बाहेर काढून ते तेल काचेच्या ग्लासात घ्यायचं. पारदर्शक असेल तर ठीक. दुधासारखं झालं असेल तर खालचं सील गेलं, पाणी आत आलं, आणि आता मोटार आणि पाणी यांच्यात फक्त वरचं सील उरलं आहे. या पायरीवर सील बदललं तर मोटार वाचते. नुसतं तेल बदलून पंप परत सोडला तर तीन महिन्यांनी वाइंडिंगचं बिल येतं. सील घेताना खालच्या सीलच्या दोन्ही चकत्या सिलिकॉन कार्बाइडच्या घ्याव्यात. मैलापाण्यातल्या वाळूपुढं मऊ कार्बनचं काही चालत नाही.

मग मेगर. वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधला विजेचा अडथळा मोजण्याचं हे यंत्र. एक मेगओहमच्या खाली आकडा गेला की पंप पाण्यात सोडायचा नाही. पण एका आकड्यापेक्षा वहीतली ओळ महत्त्वाची. गेल्या वर्षी दोनशे, यंदा चाळीस, म्हणजे कुठूनतरी ओल येते आहे. बऱ्याचदा ती केबलमधून येते. केबलचं कापलेलं टोक कधी ओल्यात पडू देऊ नये. तारांमधल्या फटीतून पाणी वातीसारखं चढत थेट मोटारीत जातं. आणि केबलला धरून पंप उचलणारा कुणी दिसला तर त्याला तिथंच थांबवा. साखळी त्याचसाठी आहे.

मोटार जोडून आणल्यावर पाणी कमी येत असेल तर लगेच पंपाला दोष देऊ नये. दोन फेज उलट लागल्या की तो उलटा फिरतो. फिरतो, आवाज करतो, थोडं पाणीही देतो, म्हणून लक्षात येत नाही. दोन तारांची अदलाबदल केली की काम झालं.

राहता राहिली माणसं. आमच्या पंपातून आजवर निघालेल्या वस्तू मी वहीत लिहून ठेवल्या आहेत: सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे ओले वाइप्स, लुंगीची चिंधी, फरशी पुसायचं फडकं, एकदा मोजा, एकदा जानमाजच्या काठाची झालर, एकदा तुळशीमाळेचा दोरा. ‘फ्लश करता येते’ असं पाकिटावर छापलेले वाइप्सही पंपाच्या पात्यावर दोरखंड होऊन बसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नोटीस लावून फरक पडला नाही. प्रत्येक संडासात झाकणाचा डबा ठेवा म्हणून घरोघरी सांगितलं, तेव्हा पडला. त्या वर्षी पंप एकदाच तुंबला. साखळीनं वर ओढला, पात्याला गुंडाळलेलं कापड कापून काढलं, परत सोडला. पाऊण तास लागला. खड्ड्यात कुणी उतरलं नाही.