गोट्यांची मोजणी आणि शेजाऱ्यांच्या फौजा



निवडणूक हरलेला गादी सोडेना, तर बाहेरच्यांनी फौज आणावी का? विषय भारदस्त आहे, पण मी सुरुवात गोट्यांपासून करतो. पश्चिम आफ्रिकेत गाम्बिया नावाचा चिंचोळा देश आहे. तीन बाजूंना सेनेगल, चौथीकडे समुद्र. 2016 साली तिथे मतदाराच्या हाती मतपत्रिका नव्हे, काचेची गोटी देत. आडोशाला उमेदवारांच्या रंगांची पिंपं. आपल्या माणसाच्या पिंपात गोटी टाकली की आत घंटा वाजायची. दोनदा वाजली तर बाहेरच्या अधिकाऱ्याने कान टवकारायचे! निरक्षर मतदारांसाठी काढलेली ही युक्ती मला आपल्या मतदान यंत्राइतकीच चोख वाटते.

त्या 1 डिसेंबरला गोट्या प्रथमच मतदान केंद्रावर, सर्वांदेखत मोजल्या गेल्या. 22 वर्षं सत्तेवर असलेले याह्या जामे हरले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हार मानली आणि आठवड्याभरात शब्द फिरवला. दाद मागावी म्हटलं, तर सर्वोच्च न्यायालयात पुरेसे न्यायाधीशच नाहीत. जिंकलेले अदामा बॅरो यांचा शपथविधी 19 जानेवारी 2017 ला झाला तो सेनेगलमध्ये, डाकारमधल्या गाम्बियाच्या दूतावासात. त्याच दिवशी सुरक्षा परिषदेने बॅरोंना मान्यता देणारा ठराव केला; बळ वापरा असं मात्र त्यात स्पष्ट म्हटलं नव्हतं. इकोवास या शेजारी देशांच्या संघटनेच्या फौजा सीमा ओलांडून आत आल्या. दोन दिवसांत जामे विमानात बसले. गेले कुठे? इक्वेटोरियल गिनीत, जिथे 1979 पासून एकच अध्यक्ष आहे.

टाळ्या वाजवायच्या आत आयव्हरी कोस्टला चला. नोव्हेंबर 2010 ची निवडणूक. निवडणूक आयोग म्हणाला, अलासान वतारा जिंकले, 54 टक्के. घटना परिषदेने उत्तरेकडची मतं रद्द केली आणि लोरां बाग्बोंना विजयी ठरवलं. 4 डिसेंबरला दोघांनीही शपथ घेतली. एक राजवाड्यात, दुसरे संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या पहाऱ्यात एका हॉटेलात. वतारा जिंकले होते याबद्दल मला शंका नाही. संयुक्त राष्ट्रांच्या प्रतिनिधीनेही तसं प्रमाणित केलं होतं. तरी चार महिन्यांत सुमारे 3000 माणसं मेली, आणि दुएकुए गावातल्या कत्तलीचा ठपका वतारांच्याच बाजूच्या सैनिकांवर आला. शेवटी फ्रान्सच्या आणि संयुक्त राष्ट्रांच्या हेलिकॉप्टरांनी मारा केला. 11 एप्रिल 2011 ला बाग्बो पकडले गेले. पुढे हेगच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. वतारा मात्र 2020 मध्ये तिसऱ्यांदा उभे राहिले, घटनेचा नवा अर्थ लावून.

2011 च्या त्या लढाईच्या वेळी भारत सुरक्षा परिषदेत होता. भारताने आयव्हरी कोस्टवरच्या ठरावाच्या बाजूने मत दिलं, पण शांतिसैनिक सत्तापालटाचं हत्यार होता कामा नयेत, हेही बजावलं. काहींना हा कुंपणावर बसण्याचा प्रकार वाटतो. मला वाटत नाही. इंग्रजांच्या संगिनींनी दुसऱ्या बाजीरावाला 1803 मध्ये पुण्याच्या गादीवर परत आणून बसवलं, ते राज्य किती वर्षं बाजीरावाचं राहिलं, हे या सभागृहात सांगायला नको.

मग घरचं भांडण घरातच मिटवा म्हणायचं? पंच म्हणून बसवलेला माणूसच यजमानाच्या पंगतीला असेल, तर भांडण मिटणार कुठे? कुणीतरी बाहेरचं लागतं. पण सेनेगलचा आणि फ्रान्सचा अधिकार मी एका मापाने मोजणार नाही. गाम्बियातून हजारोंनी माणसं पळाली ती सेनेगलच्या दारात. इकोवासचा 2001 चा लोकशाहीचा करार सगळ्या सदस्यांना लागू. उद्या सेनेगलचा अध्यक्ष गादीला चिकटला तर त्यालाही जाब विचारता येतो. फ्रान्सला कोण विचारणार? आयव्हरी कोस्टचा जुना मालक, तेव्हा त्याचा तळही तिथेच, आणि तो देश कोकोच्या उत्पादनात जगात पहिला.

शेजारीही सोवळे नाहीत बरं. लोकशाहीचा आग्रह धरणाऱ्या त्या संघटनेत टोगो होता, जिथे 1967 पासून आधी बाप, मग मुलगा. म्हणून माझा भरवसा फौजेवर कमी आणि त्या पिंपांवर जास्त. जामेंचे सैनिक लढले नाहीत, कारण, मला वाटतं, निकाल काय लागला हे त्यांच्या घरच्यांनी गावातच ऐकलं होतं.

आणखी एक. डिसेंबर 2021 मध्ये गाम्बियात पुन्हा गोट्या पडल्या, बॅरो पुन्हा जिंकले. शेजाऱ्यांचे सैनिक तेव्हाही देशातच होते.