मोहफुलाची पारख

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पोर्तुगालच्या दौरो नदीच्या खोऱ्यात पोर्ट नावाची गोड वाईन होते. द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचेच मद्य घालून आंबणे थांबवितात, म्हणून गोडी उरते. निवडक वर्षाची पोर्ट दोन-तीन वर्षे लाकडी पिंपात आणि पुढे वीस-तीस वर्षे बाटलीत मुरते. पारखणारा आधी रंग पाहतो, मग वास घेतो, घोट शेवटी.

अक्राणी-अक्कलकुव्यात हे सांगण्याचे कारण, आपले मोहफूलही असेच पारखावे. मूठभर वाळलेली फुले घ्या. रंग एकसारखा तांबूस हवा. मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर ओलावा आहे असे समजा. मग नाकाशी धरा. बुरशीचा कुबट वास किंवा राखेचा वास चटकन कळतो. शेवटी एक फूल चावून पाहा. मनुकेसारखी गोडी यावी, दाताखाली खडा येऊ नये.

राख येते कोठून? झाडाखालचा पाला आपणच पेटवितो. त्यात मोहाची कोवळी रोपेही जळतात, मग पुढचे झाड कोठून येणार? त्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली जमिनीपासून उंच जाळी बांधा. पहाटे गळलेली फुले सकाळीच उचला, ताडपत्रीवर वाळवा.

व्यापारी सरसकट एकच भाव देतो, ही तक्रार खरी आहे. पण मिसळलेल्या मालाला वेगळा भाव मागायचा कशाच्या जोरावर? स्वच्छ फुले वेगळी ठेवा, त्याच्याच हातावर चाखायला द्या आणि मग भाव बोला. (परवान्याशिवाय दारू गाळणे गुन्हा आहे, मी फुलाविषयीच बोलतो आहे.) पावसाळ्यापूर्वी फुले घट्ट झाकणाच्या डब्यात भरा, कारण हवेतला ओलावा ती लगेच ओढून घेतात.