पाटी नसलेली बैठक

गावात दवाखाना शोधायचा असेल तर पाटी बघत जावे. बँक शोधायची तर कोणालाही विचारावे. पण दारू सोडू इच्छिणाऱ्यांची जी बैठक भरते, तिला बहुधा ठळक पाटी नसते. तिचे नाव ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’, थोडक्यात ‘एए’. अनॉनिमस म्हणजे निनावी. इथे येणाऱ्यांची नावे बाहेर जात नाहीत. हीच तिची ताकद, आणि नवख्याला ती पटकन सापडत नाही याचे कारणही हेच.

माझा मेहुणा साताऱ्यात नोकरीला. रोजच्या पिण्याने घर मोडायला आले, तेव्हा तो एवढेच म्हणाला, “दाजी, बैठकीला येतो, पण साताऱ्यात नको. पोवई नाक्यावर मला ओळखत नाही असं कोण आहे?” तेव्हा सांगलीत शोध घेण्याचे काम माझ्याकडे आले.

पहिल्याच माणसाला विचारले, तर त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. “तुम्हाला कधीपासून लागली?” म्हणाला! शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी एका वयस्कर गृहस्थांचा फोन नंबर दिला. ते म्हणाले, “आधी तुम्ही या. खुली बैठक आहे.” तेव्हा कळले की बैठका दोन प्रकारच्या. खुल्या बैठकीला घरच्यांनाही येता येते. बंद बैठक फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी.

शाळेचा एक वर्ग, बाकांवर दहा-बारा माणसे आणि चहा. एकेक जण फक्त स्वतःबद्दल बोलत होता. कोणी कोणाला उपदेश केला नाही, मध्येच तोडले नाही. फी नाही. सदस्य होण्याची अट एकच, दारू सोडण्याची इच्छा. खर्चासाठी शेवटी डबा फिरतो. ज्याला जमेल तो टाकतो. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत.

ही पद्धत अमेरिकेतली. 1935 साली बिल विल्सन नावाचा शेअर दलाल कामानिमित्त ॲक्रन शहरात आला होता. नुकतीच दारू सोडलेली, धंद्यात अपयश आलेले, आणि हॉटेलातला बार समोर. त्याने बारकडे न जाता फोन उचलला आणि ‘दारूच्या त्रासात असलेला कोणी भेटेल का’ अशी चौकशी सुरू केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ हे शल्यविशारद भेटले. दोन व्यसनी माणसे एकमेकांशी बोलली, ती पहिली बैठक म्हणायची. भारतात ही चळवळ 1957 साली आली.

याचा उपयोग होतो का? 2020 मध्ये कॉक्रेन संस्थेने 27 अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक लोकांचा आढावा घेतला. रुग्णाला पद्धतशीरपणे एएकडे वळवणारे उपचार, दारूपासून पूर्ण दूर राहण्याच्या बाबतीत, इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. मात्र बैठक म्हणजे औषधोपचार नव्हे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केले तर थरथर, भास, फिट येणे असे प्रकार होतात आणि ते जिवावर बेतू शकतात. म्हणून आधी डॉक्टर, मग बैठक.

मेहुणा पुढच्या शनिवारी एसटीने कऱ्हाड, पेठ नाका करीत सांगलीला आला. वर्गात शिरला आणि दारातच थबकला. समोरच्या बाकावर साताऱ्यातले, त्याच्याच पेठेतले एक गृहस्थ! तेही लोकांच्या नजरा चुकवून इतक्या लांब येत होते. दोघे आधी चपापले, मग हसले. पुढे ते दोघे मिळून साताऱ्यातल्याच बैठकीला जाऊ लागले. चार महिन्यांनी मेहुणा एकदा घसरला. परत गेला, तेव्हा त्याला कोणी जाब विचारला नाही. चहा पुढे केला आणि बसायला जागा दिली. त्यानंतर मात्र तो टिकला आहे. वर्षांचा हिशेब तो सांगत नाही. “आजचा दिवस गेला, दाजी,” एवढेच म्हणतो.

श्रोतेहो, बदनामीची भीती खरी आहे. पण पिणाऱ्याचे पिणे गावाला बहुधा आधीच ठाऊक असते. ठाऊक नसतो तो त्याचा सोडण्याचा प्रयत्न. बैठकीत भेटणारा ओळखीचा माणूस आपल्यासारखाच तिथे आलेला असतो. तरीही धीर होत नसेल, तर सुरुवातीला शेजारच्या गावी जायला काय हरकत आहे?

शोध घ्यायचा तो व्यसनमुक्तीचे काम करणाऱ्यांकडे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभी केलेली ‘परिवर्तन’ संस्था आहे. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलेले ‘मुक्तांगण’ आहे. मानसोपचारतज्ज्ञांना विचारावे. 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा आणि 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे. पिणारा तयार नसला, तरी घरच्यांनी थांबू नये. त्यांच्यासाठी ‘अल-अनॉन’ नावाच्या वेगळ्या बैठका 1951 पासून चालत आल्या आहेत. आणि बैठकीचे ठिकाण व वेळ बदलते, म्हणून निघण्यापूर्वी फोन करून खात्री करावी.