अनुभवदान हेही ज्ञानदानच

(सुवर्णमहोत्सवानिमित्त नारायणगड येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)





संत नगद नारायण महाराजांच्या या धाकट्या पंढरीत बोलण्याची संधी मिळाली, हे मी माझे भाग्य समजतो.

आपल्या धर्मात आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने सांगितली आहेत. वह्या, गणवेश, शिष्यवृत्ती यांसाठी समाज सढळ हाताने देतो. परंतु एखादा डॉक्टर, अभियंता, परिचारिका किंवा बँक अधिकारी नववीच्या वर्गासमोर उभा राहून ‘मी इथवर कसा आलो’ हे सांगतो, तेव्हा त्यात ज्ञानदान तर असतेच, शिवाय अभयदानही असते. कारण त्यामुळे मुलांच्या मनातील भीती जाते.

ही भीती कोणती, हे आपल्या बीड जिल्ह्याला वेगळे सांगावे लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुले सोबत जातात, आजीजवळ राहतात किंवा हंगामी वसतिगृहात असतात. मुलगा मोळी उचलण्याजोगा झाला की शाळेचा धागा तुटू लागतो, मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. अशा मुलाने शिक्षक, तलाठी, कंडक्टर आणि मुकादम यांपलीकडे फारसे कोणी पाहिलेले नसते. त्याच्यात बुद्धीची उणीव नसते, उणीव असते ती परिचयाची.

आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांचे उदाहरण घ्या. आईवडील कष्टकरी, वीटभट्टीवर राबलेले. बारावीनंतर ते सैन्यात दाखल झाले, सियाचीनसारख्या ठिकाणी राहिले आणि स्टीपलचेस शर्यतीकडे वळले ते त्यानंतरच. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी रौप्यपदक, तर २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. विद्यार्थ्यांना पदक दिसते. त्याआधीची वर्षे कोणीतरी सांगावी लागतात.

दुसरे उदाहरण कर्मवीर भाऊराव पाटलांचे. कुंभोजच्या जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकण्याचे काम केले. त्या फिरतीत त्यांनी खेड्यातील दैन्य जवळून पाहिले आणि १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. विक्रेत्याची पायपीटही वाया जात नाही, हे आम्हा व्यापाऱ्यांनाही शिकण्याजोगे आहे.

आता व्यावसायिक मित्रांना काही विनंत्या. पहिली अशी की, आपला प्रवास सांगताना खतावणीच्या जमा आणि नावे या दोन्ही बाजू उघडा. गुण किती मिळाले, फी कोणी भरली, वसतिगृह कसे मिळाले, कोणत्या परीक्षेत अपयश आले, पहिला पगार किती होता, हे सांगा. केवळ यशाचे वर्णन केले तर त्यात मान-कषाय डोकावतो आणि समोरचा मुलगा आणखी लहान होतो.

दुसरी विनंती अनेकान्ताची. यशाला एकच बाजू नसते. डॉक्टर-इंजिनिअर यांच्याबरोबर आयटीआय झालेला फिटर, परिचारिका, शेतीपूरक उद्योग करणारा तरुण यांनाही बोलवा. आणि स्त्रियांना आवर्जून बोलवा, कारण मुलीच्या लग्नाची घाई करणाऱ्या आईला दुसऱ्या स्त्रीचा शब्द पटतो.

तिसरी विनंती वेळेची. गळीत हंगाम सुरू झाल्यावर वर्ग रिकामे होतात. म्हणून हे कार्यक्रम चातुर्मासातच, पालक गावी असताना, त्यांना समोर बसवून व्हावेत. केंद्र शासनाच्या २०२१ मधील ‘विद्यांजली २.०’ उपक्रमाने शाळांना अशी स्वयंसेवी मदत देण्याचा मार्ग मोकळा केला आहे. मात्र एका भाषणावर थांबू नका. दरवर्षी त्याच शाळेत जा, म्हणजे मुले तुम्हाला नावाने ओळखतील.

विश्वस्तांनाही एक स्पष्ट गोष्ट सांगतो. भाषणाने पोट भरत नाही. ज्या घराला मुलाच्या हातांची गरज आहे, तेथे नुसती प्रेरणा देऊन परतणे म्हणजे भुकेल्यासमोर जेवणाचे वर्णन करणे होय. म्हणून प्रत्येक व्याख्यानामागे वसतिगृहातील एक जागा आणि बारावीपर्यंतचा खर्च यांची तजवीज असावी. आपल्याच जिल्ह्याचे श्री. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने भारतीय जैन संघटनेने १९९३ च्या भूकंपानंतर सुमारे १,२०० मुलांना पुण्यात शिक्षणासाठी आणले. त्यांनी आधी निवारा दिला, मग स्वप्न.

विद्यार्थी मित्रहो, आमच्या दुकानात गणवेश घेताना आईवडील वाढत्या अंगाचे माप मागतात. पुढच्या वर्षी मूल मोठे होणार, हा त्यांचा विश्वास असतो. तुम्हीही आपल्या भविष्याचे माप तसेच घ्या. आलेल्या पाहुण्यांना निःसंकोच प्रश्न विचारा. फीचा प्रश्न सर्वांत आधी विचारा, त्यात लाज कसली?

सुवर्णमहोत्सवी वर्षात आपल्या ट्रस्टने धनाबरोबर अनुभवाचेही दान सुरू करावे, अशी नम्र प्रार्थना करून मी माझे दोन शब्द संपवतो.

जय जिनेंद्र!