खेळणं मोठीचं, हात धाकट्याचा
(ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत केलेलं बोलणं)



आज कर्ज-परतफेड जरा बाजूला ठेवून खेळण्यांबद्दल बोलणार आहे. हसू नका. आधी माझीच चूक सांगते.

जत्रेतून मी एका ताईंच्या पाच वर्षांच्या लेकीसाठी बाहुली आणली होती. पुढच्या बैठकीत आम्ही बचतीचा हिशोब करत बसलो होतो आणि ताईंचं दहा महिन्यांचं बाळ शेजारीच रांगत होतं. एकदम त्याचा आवाज बंद झाला. ना खोकला, ना रडणं. ओठ निळे पडायला लागले. बैठकीतल्या आशाताईंनी त्याला झटकन हातावर पालथं घेतलं, डोकं खाली धरलं आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने ठोके दिले. चौथ्या ठोक्याला बाहुलीचा डोळा बाहेर पडला. शर्टाच्या बटणाएवढा!

समाजकार्य शिकलेली मी, पण बाहुली घेताना फक्त रंग आणि किंमत बघितली. घरात धाकटं बाळ आहे, हे डोक्यातच आलं नाही.

म्हणून खेळणं घेताना स्वतःला एकच प्रश्न विचारा: घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या हाती हे लागलं तर काय होईल?

तीन वर्षांपर्यंतचं मूल हातात येईल ते तोंडात घालतं. त्याच्यासाठी तोंडात मावेल एवढी लहान वस्तू नकोच. गोट्या, मणी, खाऊच्या पुड्यातून फुकट येणारी खेळणी मोठ्या भावंडांनी वेगळ्या डब्यात, उंचावर ठेवायची. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. ते घशात चिकटून बसतात. लांब दोरीचं खेळणं पाळण्यात किंवा झोळीत ठेवू नका, गळ्याभोवती फास बसतो. धनुष्यबाण आणि छर्ऱ्याची बंदूक डोळ्यावर बेतते.

दिवा लागणाऱ्या, गाणं म्हणणाऱ्या खेळण्यात गोल चपटा सेल असतो. त्याचं झाकण स्क्रूने बंद आहे ना, ते बघा. तो सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आतून भाजतं. अशा वेळी उलटी करायला लावू नका. ‘शौचावाटे पडेल’ म्हणून वाट बघू नका. एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात लगेच न्या.

दुकानातून घेताना आयएसआयची खूण बघा. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ती १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची आहे. पाकिटावर वय लिहिलेलं असतं. ते मूल किती हुशार आहे याचं माप नाही, धोक्याचं माप आहे. ‘आमचा बाळ्या चलाख आहे’ म्हणून मोठ्यांचं खेळणं त्याला देऊ नका.

पैसे खर्च करायलाच हवेत असंही नाही. वाटी, गुळगुळीत लाकडी चमचा, चिंध्यांचा घट्ट शिवलेला चेंडू यांतही बाळ रमतं. मात्र बाटलीत खडे भरून खुळखुळा करू नका, झाकण निघालं की खडे तोंडात. आपल्यातल्या ज्या ताई कापडी बाहुल्या शिवतात, त्यांनी डोळ्यांना बटण न लावता दोऱ्याने डोळे भरावेत.

आणि घशात काही अडकलंच, तर? मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या. आवाजच निघत नसेल तर एक वर्षाखालच्या बाळाला आशाताईंसारखं पालथं धरून पाच ठोके द्या, दुसरीला १०८ ला फोन लावायला सांगा. घशात बोट घालून चाचपडू नका, वस्तू आणखी आत जाते. हे वाचून हात बसत नाही. पुढच्या बैठकीत आशाताई बाहुलीवर सगळं करून दाखवणार आहेत, छातीवर दाब कसा द्यायचा आणि मोठ्या मुलांना काय करायचं तेही. सासूबाईंना आणि मोठ्या मुलींना सोबत आणा, कारण आपण कामावर जातो तेव्हा बाळ त्यांच्याकडेच असतं.

आज घरी गेल्यावर खेळण्यांची टोपली जमिनीवर ओता. बाहुल्यांचे डोळे, गाड्यांची चाकं ओढून बघा. जे हातात निघून येईल, ते आजच बाजूला काढा.